डी म्हणजे दाक्षायणी

अप्पांनी आमच्या गाडीच्या गिअरला घरातली माणसं वाटून दिली होती. दांड्यापाशी इंग्रजी अक्षरं होती आणि अप्पांचं इंग्रजीशी कधी जमलं नाही. पी म्हणजे पार्वतीमावशी, एकदा बसली की हलायची नाही. आर म्हणजे रेवप्पामामा, कायम मागं मागं. एन म्हणजे दुधनीचे निंगप्पाकाका, स्वतः काही करायचे नाहीत, पण त्यांना विचारल्याशिवाय घरात काही सुरूही व्हायचं नाही. आणि डी म्हणजे मी, दाक्षायणी. हट्टी मीच, म्हणून पुढं जायचा गिअर माझा.

ती अमेरिकन गाडी अप्पांनी हैदराबादहून जुनीच आणली, तीही माझ्यासाठी. लहानपणी तापात माझा डावा पाय अधू झाला होता, आणि या गाडीला क्लच नव्हता. डाव्या पायाला तिच्यात कामच नव्हतं. सोलापूरहून वळसंगच्या शाळेत शिकवायला मी रोज स्वतः चालवत जायचे. यष्टीच्या उंच पायऱ्या, रेटारेटी आणि 'अहो, त्या लंगड्या बाईंना बसू द्या' हे सगळं सुटलं होतं.

मग चौऱ्याहत्तर साल आलं आणि पेट्रोल कडाडलं. अप्पांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं. मला राग आला. हाकेच्या अंतरावरच्या अडत बाजारात अप्पा स्वतः दिवसातून दोनदा गाडीनं मिरवत जाणार, आणि विकायची मात्र माझी शाळा. पण भांडून गाडी राहणार नव्हती. मी म्हणाले, "पेट्रोल कसं वाचवायचं ते सांगा. मी वाचवून दाखवते."

"ट्रकवाला शेखलाल उतारावर इंजिन बंद करतोय," अप्पा म्हणाले. "आपण बी तसंच करायचं. जमलं तर गाडी ऱ्हाईल. न्हाय तर सोमवारी गिऱ्हाईक येतंय, त्येला देऊन टाकतो."

मी हो म्हणाले. गाडी गेली की नोकरी जाणार, आणि मग मी पार्वतीमावशीच्या शेजारी बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी सकाळी परीक्षा घ्यायला अप्पा शेजारी बसले. पहिल्या उतारावर मी दांडा निंगप्पाकाकांवर आणला, अप्पांनी हौसेनं किल्ली फिरवली, आणि गाडी आवाज न करता घरंगळत खाली आली. खाली येताच किल्ली फिरवली तर इंजिन लगेच पुन्हा सुरू. अप्पा एकदम खूश. वळसंगच्या अलीकडं ओढ्याचा मोठा उतार लागला. तिथंही मी दांडा एनवर आणला आणि त्यांनी किल्ली बंद केली.

गाडीनं वेग धरला तेवढ्यात खाली पुलापाशी शेतातून कडब्याची बैलगाडी रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला, थोडा लागला. पुन्हा दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट. स्टिअरिंगही जड झालेलं. अप्पा घाबरून कानडीत "निंद्रसु, निंद्रसु" करायला लागले. थांबवायचं मलाही कळत होतं, पण गाडीला कळत नव्हतं. मी घाईनं दांडा डीवर ओढला. काही उपयोग नाही. उजव्या पायाचं सगळं बळ संपलं तेव्हा मी हातानं डावा पाय उचलला, ब्रेकच्या रुंद पेडलवर उजव्याशेजारी ठेवला आणि पाठ सीटला रेटून, गुडघ्यावर हात दाबून अंगातली होती नव्हती ती ताकद लावली.

गाडी थांबली तेव्हा बॉनेटवर कडबा टेकला होता.

मी किल्ली फिरवली. इंजिनानं साधा हुंकारही दिला नाही. गाडीवान आणि शेतातली चार माणसं आली. "ढकलू की बाई," म्हणाली आणि ओढ्यापलीकडं पार चढापर्यंत ढकलत गेली. गाडी सुरू झाली नाही.

"सोमवारपत्तूर कशाला थांबायचं?" अप्पा घाम पुसत म्हणाले. "आजच देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. मी मान खाली घातली तेव्हा दांडा दिसला. डीवर. माझ्यावर. या घरात निंगप्पाकाकांशिवाय कधी काही सुरू झालंय का? मी दांडा एनवर आणून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

"अप्पा," मी म्हणाले, "आता हे इंजिन उतारावर बंद होणार नाही. गाडीही विकायची नाही. पेट्रोल वाचवायचं असेल तर अडत बाजारात तुम्ही सायकलनं जा."

अप्पा माझ्या डाव्या पायाकडं बघत होते. तो अजून ब्रेकवरच नुसता टेकलेला होता, मला उचलायचं सुचलंच नव्हतं. ते वाकले, दोन्ही हातांनी तो पाय उचलून हळूच खाली ठेवला आणि त्यावरची साडी नीट केली.

"सायकलीत हवा न्हाय," ते म्हणाले. "भरून घ्यावी लागंल."

मी दांडा माझ्यावर आणला.