मंजय्या भागवतांची सूरपेटी आणि वारिजाचा इंग्रजीचा पेपर

मित्रांनो, मी एक जुनी सूरपेटी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला गाता येत नाही. माझा भाता हलवला की मी एकच सूर धरते आणि तो सोडत नाही. गाणारे वर चढतात, खाली येतात, कधी भरकटतातही. मी आपली जागची हलत नाही. हट्टी म्हणा हवे तर.

कुंदापुराजवळच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. मंजय्या भागवतांनी मला घरी आणले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. आमच्याकडे पावसाळ्यात यक्षगानाचे खेळ थांबतात. मग कलावंत मुकुट आणि रंग बाजूला ठेवून देवळात नुसते मांडी घालून बसतात आणि ताळमद्दळे रंगते. भागवत, म्हणजे खेळाचे मुख्य गायक, एक पद गातात. मग कोणी कर्ण होऊन, कोणी कृष्ण होऊन त्या पदाचा अर्थ सांगतो आणि समोरचा तो खोडून काढतो. नाच नाही, वेश नाही, सगळी लढाई जिभेची. लोक म्हणत, "मंजय्यांच्या पदाला या पेटीशिवाय रंग नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे विजेवर चालणारी, साबणाच्या वडीएवढी सूरपेटी बाजारात आली. बटण दाबले की काम झाले. भागवतांचाही आवाज थकला. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या फळीवर झाली, रिकाम्या डब्यांच्या शेजारी. उंदरांनी भात्याचा कोपरा कुरतडला. खोटे कशाला बोलू, मला फार राग आला होता.

भागवतांची मुलगी चंद्रावती आणि नात वारिजा त्यांच्याकडेच राहत. चंद्रावती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलांतल्या तेलाने तिच्या बोटांची टोके काळी पडली होती. त्या वर्षी वारिजा दहावीला सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत बुडाली.

"पुरवणी परीक्षा दे," चंद्रावती म्हणाली. "पण निकालानंतरच्या सोमवारी एकतर कॉलेजात, नाहीतर कारखान्यात माझ्या शेजारी. मी मुकादमाला शब्द देऊन ठेवलाय."

"अम्मा, मी पास होणार."

"गेल्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस."

शेजारच्या जसिंता टीचर रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन तिची उजळणी घेऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक छोटी इंग्रजी कविता पुढे ठेवली. तिच्यात एक जुनी होडी वाळूवर झोपली होती आणि स्वप्नात समुद्राशी बोलत होती.

"यात कोणता अलंकार?" टीचरनी विचारले.

"उपमा!" वारिजाने कागदाकडे पाहिलेही नाही.

"कशावरून?"

"गाइडात होडीच्या कवितेला उपमा दिलीय."

"अगं, ती होडी वेगळी! ही ओळ तरी वाचलीस का?"

भागवत कोपऱ्यात पान जुळवत बसले होते. ते म्हणाले, "टीचर, मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. पण पोरगी पद ऐकायच्या आधीच अर्थ सांगायला निघालीय. पुट्टी, ती पेटी काढ बघू खाली." नातीला ते लाडाने पुट्टी म्हणत.

वारिजाने मला उतरवले, धूळ पुसली आणि भात्याच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ चिकटवले. इतक्या वर्षांनी श्वास घेताना मी आधी खोकलेच. मग सूर धरला. भागवतांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पान चघळण्याचे निमित्त करून मान फिरवली.

मग ताळमद्दळ्यासारखी उजळणी सुरू झाली. टीचर ओळ वाचत आणि अर्थ समजावत, भागवत प्रश्न विचारत.

"झोपतं कोण, पुट्टी?"

"माणूस."

"मग होडीला माणूस कोणी केलं?"

"कवीनं."

"कशापायी?"

वारिजाने ओळ पुन्हा वाचली. "तिला समुद्रात जायचंय, अज्जा. आणि तिला आता कोणी नेत नाही."

टीचर खूश झाल्या. निर्जीव वस्तू माणसासारखी वागू-बोलू लागली की ती चेतनगुणोक्ती, असे त्यांनी सांगितले. मित्रांनो, तो शब्द मला का आवडला, हे तुम्हाला सांगायला नको. 'होडी म्हाताऱ्यासारखी पडली आहे' म्हटले की उपमा, आणि 'होडी म्हणजे गावचा म्हातारा' म्हटले की रूपक.

"म्हणजे मी होडीसारखा, की मीच होडी?" भागवतांनी विचारले.

"अज्जा, होडी घोरत नाही."

सगळे सुरळीत चालले होते, पण भागवतांचे रक्त कुठे जाणार! टीचरनी सरावाचा पेपर घेतला. त्यातल्या कवितेत लाट खडकाला म्हणत होती, तू गर्विष्ठ आहेस, जन्मभर जागचा हलत नाहीस. कवीला काय सांगायचे आहे, असा प्रश्न होता. वारिजाने खडकाचा पक्ष घेतला आणि पानेच्या पाने भरून लाटेच्या चिंधड्या उडवल्या. तू तर रोज माझ्याच पायाशी येतेस, मग गर्व कोणाला, असे तिने ठणकावून विचारले होते.

"शाब्बास!" भागवतांनी मांडीवर थाप मारली.

"शाब्बास कसलं?" टीचर कडाडल्या. "कवीला काय म्हणायचंय ते विचारलंय, हिनं कवीलाच हरवलं! शून्य."

"पण टीचर, खडकाचं बरोबर होतं."

"असेल. खडकाला कॉलेजात जायचं नाहीये. तुला जायचंय."

मला मनातून खडकाचेच पटले होते, पण माझे मत कोण विचारतो. वारिजा त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टीचर येण्याआधीच ती मला घेऊन पडवीत बसली.

"अज्जा, तुमच्या पदावर कर्ण फार बोलत सुटला तर तुम्ही काय करायचात?"

"पुढचं पद सुरू करायचो. मग भल्याभल्या कर्णाला गप्प बसावं लागतं."

"मग मलाही गप्प बसवा."

भागवतांनी युक्ती काढली. ते माझा भाता एकदाच भरत आणि सोडून देत. माझा सूर विरायच्या आत तिने अर्थ सांगायचा, आणि तो कवितेतल्या ज्या शब्दात आहे, त्यावर बोट ठेवायचे. बोट नाही तर अर्थ नाही. पहिले काही दिवस मीच आधी संपे आणि वारिजा तोंड उघडे ठेवून थांबे. मी कोणाची गय करत नाही. ती दात-ओठ खाऊन म्हणायची, "पुन्हा भरा."

एका संध्याकाळी तिचे सांगून झाले, बोट शब्दावर टेकले, आणि माझा सूर अजून चालू होता. कारखान्यातून आलेली चंद्रावती उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"एवढंच सांगायचं असतं?" तिने विचारले.

"एवढंच, अम्मा. पण कवितेत असेल तेवढंच."

परीक्षेला मला कोण नेणार? वारिजाने घरी येऊन सांगितले ते ऐकले. एका ओळीपाशी ती अडली. मग तिने घशातल्या घशात माझा सूर धरला आणि ओळीवर बोट ठेवले. देखरेखीच्या बाई धावत आल्या, "काय गं, पोटात दुखतंय का?" ती "नाही" म्हणाली आणि लिहीत राहिली.

मित्रांनो, जुनी वस्तू फळीवर टाकण्याआधी एकदा तिचा श्वास तपासून पाहा. आणि कविता समोर आली की तिला घाईने नाव चिकटवू नका. ती काय म्हणते ते आधी ऐका. आम्हा दोघींची, माझी आणि कवितेची, काळजी घ्यायला फार लागत नाही, थोडा वेळ लागतो.

निकाल लागला. वारिजा पास झाली. फार मोठे मार्क नव्हते, पण पास झाली. चंद्रावतीने ती होडीची कविता तिच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि पदराने डोळे पुसले.

सोमवारी सकाळी चंद्रावतीने आपला डबा भरला. वारिजाचा वेगळा भरून कॉलेजच्या पिशवीत ठेवला, आणि कारखान्याच्या वाटेला ती एकटीच लागली.