निशाण खाली घेतलेलं गलबत

मी एक जुनं गलबत आहे, मित्रांनो. मांडवीच्या खाडीत चिखलात रुतून पडलोय हे खरं, पण एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता. लद्धाशेठ भाटियांनी मला हौसेने बांधून घेतलं आणि नाखवा जुसबच्या ताब्यात दिलं. बारा वर्षं मी आखातातल्या बंदरांत कापूस घेऊन गेलो आणि तिथून खजूर घेऊन आलो. त्या खजुराच्या वासाने खलाशांची भूक खवळायची, आणि मलाही फार बरं वाटायचं.

मग आखातातल्या चाच्यांचा बंदोबस्त करायला मुंबईहून गोऱ्यांचं आरमार निघालं. त्यांच्या सैन्याला पाणी पुरवायला आम्हा व्यापारी गलबतांना भाड्याने घेतलं गेलं. माझ्या पोटात खजुराच्या जागी पाण्याची पिंपं आली. हुकूम सक्त होता. मोहिमेचं निशाण सतत वर ठेवायचं आणि परक्या होडीला जवळ फिरकू द्यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मोती काढणाऱ्यांची एक होडी दिसली. तिच्या डोलकाठीला उपडं मडकं टांगलेलं होतं. पाणी संपल्याची ती खूण. जुसबने होडी ओळखली. ती रशीदची होती. सात हंगाम आम्ही त्याच्याच बापाच्या बागेतला खजूर भरला होता. आता त्याच्यासकट नऊ जणांचे ओठ फुटले होते.

म्हातारा सुकाण्या देवशी चाचरत म्हणाला, "जुसबभाई, लढाऊ जहाज मागंच आहे. हुकूम विसरू नका."

"अरे, पाणी मागणाऱ्याला पाठ दाखवून मी मांडवीत कुठल्या तोंडानं जाऊ?" जुसब म्हणाला.

आमच्या दर्यावर्दी लोकांत एक रीत आहे. पाणी देता-घेताना दोन्ही गलबतं आपापलं निशाण उतरवतात. देणाऱ्याने मोठेपणा मिरवू नये, घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये, म्हणून. जुसबने सवयीने दोरी सैल केली. माझं निशाण खाली आलं, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

लांबून लढाऊ जहाजाने काय पाहिलं? निशाण उतरलेलं आणि परकी होडी कडेला चिकटलेली. चाच्यांनी मला धरलं, असंच त्यांना वाटलं. रशीदने पहिली ओंजळ तोंडाला लावली तेवढ्यात तोफ धडाडली. होडीचे दोन तुकडे झाले. आमच्या माणसांनी दोघांना वर ओढलं. रशीद त्यांत नव्हता.

गोरा कप्तान स्वतः आला. आम्हाला सोडवल्याच्या आनंदात त्याने जुसबच्या खांद्यावर शाल घातली.

"साहेब, ते चाचे नव्हते," जुसब म्हणाला. "ते तहानलेले होते."

कप्तानाबरोबर आलेल्या दुभाष्याने त्या शालीकडे पाहिलं. मग त्याने कप्तानाला सांगितलं की, नाखवा आपले आभार मानतो आहे.

जुसबने ती शाल तिथल्या तिथे वाचलेल्या दोघांपैकी भेदरून कुडकुडणाऱ्या माणसाला पांघरली. त्यानंतर त्याने माझं सुकाणू कधी हातात धरलं नाही.

मांडवीत मात्र माझं कौतुकच झालं. चाच्यांच्या तावडीतून सुटलेलं गलबत म्हणून लोक मुलांना मला दाखवायला आणत. आता फळ्या कुजल्यावर कोणी येत नाही. मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणत नाही. हव्या तर फळ्या सरपणाला न्या. फक्त माझी ती खोटी गोष्ट मुलांना सांगू नका. त्यांना रशीदचं नाव सांगा, आणि तो माझ्याकडे पाणी मागायला आला होता, हेही सांगा.