इरम्मामावशीनं पुडी सोडली

मावशीचं तोंड गोल व्हायला लागलं तवा सगळ्यांला लई बरं वाटलं. रसूलचाचा म्हणायचे, आमच्या ढाब्याचं अन्न अंगी लागलं बघा इरम्माला. नळदुर्गला हायवेच्या कडंला त्यांचा ढाबा हाय, आन मी बारकी व्हते तवापासनं मावशी तिथं भाकरी थापती. आई माझी गेली, मग मावशीनंच मला वाढवलं. गल्लीतल्या बाया तिच्या गालाकडं बघून म्हणायच्या, ह्या वयात नव्या नवरीवानी लाली आली गं बाई, दृष्ट काढ.

मला ते पटंना. माणूस जाड हुतं तवा सगळीकडनं हुतं. मावशीचं तोंड टम्म, पोट सुटलेलं, मानेखाली पाठीवर मांसाचा उंचवटा, आन हातपाय मातर काडीवानी. बांगडी नुसती घासली तरी काळंनिळं उठायचं. एकदा पीठ मळायच्या काटवटीची कड दंडाला लागली तर कातडी कागदावानी सुटली. बाया गाल बघायच्या, मी दंड बघायचे.

माझा सगळा राग पुडीवर. आठवड्याच्या बाजारात एक बाबा गुडघ्याचं औषिद घेऊन बसायचा, कर्नाटकातनं यायचा. पांढरी पावडर, कागदात बांधलेली. सकाळी चहासंगं घेतली की मावशी दिवसभर चुलीपुढं उभी. न्हाय घेतली तर मोरीपतोर जायला भिंत धरायची. मी रोज भांडायचे की हे जहर हाय, फेकून दे. मला काय डॉक्टरकी येत नव्हती, डोळ्याला दिसत व्हतं तेवढंच. मावशी सगळं ऐकून घ्यायची आन तिचं एकच म्हणणं, तू शाळंत जा, मी पुडी सोडते. नववीत गणिताच्या सरांनी माझ्या मेलेल्या आईवरनं वंगाळ काढलं, म्या डस्टर फेकून मारलं, तवापासनं शाळा बंद. म्हणून ह्यावर माझं तोंड गप व्हायचं. दोघीतली एकबी हलत नव्हती.

मग पौषात खंडोबाची जत्रा झाली. देवळातनं आली ती मावशीनं पुडी बंद केली. एकदम. मला वाटलं, माझं भांडण कामाला आलं. म्या गल्लीभर सांगत सुटले.

चार-पाच दिसांत तिचं खाणं तुटलं. उलट्या, अंग गार, नुसती पडून. गुडघे तर असे दुखायला लागले की पाय लांब करता येईना. मी म्हणायचे, जहर निघतंय अंगातनं, निघू दे. आन एक दिवस चुलीपुढं उभी राहिली ती तशीच खाली आली. पीठ सगळं अंगावर. हाक मारली तर डोळे वर.

रसूलचाचांनी जीप काढली आन मोठ्या दवाखान्यात नेलं. बीपी लागत नव्हतं. तिथल्या डॉक्टरनं तोंड बघितलं, पोट बघितलं, मला इचारलं, काही पुडी-बिडी खायची का. म्या सांगितलं, खायची पर आता सोडली. तसे त्यांनी सलाईनमधनं एक इंजिक्शन सोडलं आन हुमेरा मॅडमला फोन केला. मॅडम हार्मोनच्या डॉक्टर. कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातनं अशा पुड्या गोळा करून तपासायच्या, त्यात काय मिसळतात, कुणाला काय हुतं, हाच त्यांचा अभ्यास चालू व्हता. त्या येईपतोर मावशी उठून बसली व्हती, पाणी मागत व्हती. मला ती जादूच वाटली.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. दोन किडन्यांवर टोपीवानी एकेक बारकी ग्रंथी असती. तिच्यातनं जो रस निघतो तो नसला तर माणूस साधा ताप सोसू शकत न्हाय.

"पुडीत तोच रस होता, बाहेरून बनवलेला," मॅडम म्हणल्या. "रोज आयता डबा यायला लागला तर घरातली चूल कोण पेटवेल? मावशींची चूल थंड पडली. आणि त्यांनी एका दिवसात डबा बंद केला."

म्हंजी पुडी सोडली म्हणून मावशी पडली. मग राग आला. म्या इचारलं, मग आता काय, परत तेच जहर द्यायचं?

"तेच. पण मोजून. गोळी थोडी थोडी कमी करत न्यायची, कित्येक महिने. चूल एकदम पेटत नाही."

मॅडमनी हेच सगळं मावशीला सांगितलं, काय लपवलं न्हाय. मावशीनं मान हलवत ऐकलं. मग नर्सनं गोळी पुढं केली तर तिनं तोंड मिटलं. मला न्हाय चालत, म्हणली. इंजिक्शनला बी हात देईना. शुद्धीत नव्हती तवा दिलं ते दिलं, आता न्हाय. मॅडमनी किती समजावलं. शेवटी माझ्याकडं बघून म्हणल्या, आत्ताच्या इंजिक्शनचा जोर सकाळपर्यंत पुरणार नाही. परत तशीच पडली तर ह्या खेपेला उठेलच असं मी सांगू शकत नाही.

मी तिथंच मावशीवर वरडले. शेजारच्या खाटंवरची म्हातारी उठून बसली. मावशी म्हणली,

"भंडारा उचललाय, रंजे."

आमच्याकडं खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेलं मोडत न्हायत. मेलं तरी न्हाय. म्या इचारलं, कशापायी उचललास? ती खिडकीकडं बघाय लागली.

"तू शाळंत जावी म्हणून. देवाला म्हणलं, माझं प्यारं जे हाय ते सोडते. लोक आंबा सोडतात, गोड सोडतात. मी आंबा खाते कवा? माझी पुडी व्हती, तिच्यावर उभी राहात व्हते. ती दिली." मग म्हणली, "आता तोंडाला लावली आन तुझं वाटोळं झालं तर?"

मी तिथनं निघाले. बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. रसूलचाचा बाकड्यावर बसले व्हते. त्यांना सांगितलं तर म्हणले, "बोल दे ना हौ करके, बाद में देखेंगे." नुसतं व्हय म्हण, असं. चाचांचं मन साफ हाय, पर मावशीला माझं खोटं चालण्यावरनं कळतं.

मागनं हुमेरा मॅडम बाहेर आल्या, त्यांनी आत सगळं ऐकलं व्हतं. मला वाटलं, आता हसतील न्हायतर भाषण देतील. त्यांनी एवढंच इचारलं, नवस फिटतो कधी? म्या म्हणलं, मागितलं ते झालं की. मग सोडलेलं परत धरता येतं. मॅडम म्हणल्या, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, एवढं माहीत असू दे. बाकी तुझं तू बघ. आन गेल्या.

मी बसून राहिले. त्या वर्गाचा वास नाकात आला, सरांचं तोंड आलं. मला परत तेच सगळं नको व्हतं, खरंच नको व्हतं. पर एक गोष्ट डोक्यातनं जाईना. मी रोज मावशीला फेक फेक म्हणायचे. फेकायचं तिचं व्हतं, माझं काय जात व्हतं? तिनं पाय देऊन टाकले. आन मी एक रुसवा सोडंना.

आत गेले.

"त्या शाळंत जाणार न्हाय. त्या सरांपुढं तर न्हायच. बाहेरनं दहावीला बसीन. नापास झाले तर परत बसीन. गणित येत न्हाय, हे आत्ताच सांगते."

"मला काय सांगतीस, त्याला सांग."

तिनं कमरंची पिशवी काढली. तळाला चिमूटभर भंडारा व्हता. म्या उचलला, कपाळाला लावला, जे म्हणले तेच परत म्हणले. मावशी बराच येळ माझ्याकडं बघत राहिली, खरं का खोटं ते तपासत. मग लहान पोरावानी तोंड उघडलं. गोळी म्याच ठेवली जिभंवर.

आता ती ढाब्यावर स्टुलावर बसती आन भाकरी मी थापते. ड्रायवर लोक म्हणतात, ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा. गणिताचं पुस्तक पिठानं पांढरं झालंय. मावशीचं तोंड अजून गोलच हाय, गोळी कमी झाली की गुडघे परत बोंबलतात, एखाद्या दिवशी रडती बी. मॅडम म्हणतात, हे असं व्हणारच. पर चहा पिऊन झाला की गोळी घेतीस का, हे तिला इचारावं लागत न्हाय. ती मलाच इचारती, आज किती गणितं.

परवा नागूबाईकाकू आल्या. मागल्या गल्लीतल्या. त्याच बाबाकडनं पुडी घेतात, गाल तसेच, दंड तसेच. मावशीचं सगळं ऐकून व्हत्या.

"इरम्माचं बघून धसकाच घेतला," काकू म्हणल्या. "घरातल्या पुड्या आजच नाल्यात टाकते."

हे ऐकायला मी वरीसभर घसा फोडला व्हता. म्या हातातली भाकरी तव्यावर टाकली आन पिठाचे हात तसेच घेऊन त्यांच्या वाटंत जाऊन उभी राहिले.

"टाकू नका, काकू."

"आगं, तूच तर जहर म्हणायचीस."

"व्हय, जहरच हाय. तरी उद्या सकाळची घ्या. आन मग पुडी संगं घेऊन माझ्याबरूबर मॅडमकडं चला."

काकू मावशीकडं बघाय लागल्या, पोरीचं डोकं फिरलं का काय म्हणून. मावशी म्हणली, "ती म्हणती तसं कर." आन मला म्हणली, "भाकरी करपली."