सात मिनिटांचं वळण

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत कृष्णात चौगुलेचा ड्रायव्हिंग क्लास होता. बोर्डावर नावाखाली ‘निवृत्त, नौदल’ असं लिहिलेलं, आणि तेवढं वाचूनच निम्मी माणसं आत यायची. जहाज चालवलेल्या माणसाला कार शिकवणं काय अवघड, असं त्यांना वाटायचं. कृष्णातनं बारा वर्षं जहाजाचं सुकाणू धरलं होतं, त्यातली शेवटची चार वर्षं सात हजार टनांच्या युद्धनौकेवर. आता पन्नाशी ओलांडली होती, तरी शिकणाऱ्यानं चुकीचा गिअर टाकला की त्याचा आवाज अजून जहाज चालवायच्या खोलीतल्या, ब्रिजवरच्यासारखाच निघायचा.

त्या दिवशी स्टिअरिंगवर मुबशिरा होती. हुपरीची, चोवीस वर्षांची. आठवड्यातून तीन दिवस एस.टी.नं यायची, तासभर गाडी शिकून परत जायची. तिचा नवरा तोहिद नौदलात होता आणि सहा वर्षांपूर्वी तोही याच क्लासात, याच कृष्णातकडं गाडी शिकला होता.

बारा वाजायला आले होते. जनता बझार चौकातून वळताना तिच्या पर्समधला मोबाईल वाजायला लागला. बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कृष्णात म्हणाला, “बाजूला घे गाडी. इंडिकेटर दे आधी. आता बोल.”

तिनं गाडी नीट बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि फोन कानाला लावला. “जी... जी, मैं ही बोल रही हूँ.” एवढंच बोलली. मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिली. तिची मान हळूहळू खाली जात होती. शेवटी तिनं फोन कृष्णातकडं दिला.

“सर, तुम्ही बोला. मला कळंना झालंय ते काय म्हणत्यात.”

पलीकडं नौदलाच्या तळावरचा अधिकारी होता. कृष्णातनं आपलं नाव, जुना नंबर, हुद्दा सांगितला तसा त्याचा सूर थोडा मोकळा झाला. सकाळी सहा चाळीसला, समुद्रात सराव सुरू असताना, मागच्या डेकवर सुटलेला एक दोर बांधायला दोघं गेले होते. वरिष्ठांना सांगून, लाईफ जॅकेट घालून गेले होते. अचानक बाजूनं मोठी लाट आली. एकानं रेलिंग धरलं. तोहिद उजव्या बाजूनं समुद्रात गेला.

“स्पीड किती होता साहेब?” कृष्णातनं विचारलं.

“सत्तावीस नॉट.”

सत्तावीस नॉट म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. रस्त्यावर ही मोपेडची चाल. पण कृष्णातनं मनातच हिशोब केला. एका मिनिटात जहाज आठशे मीटर पुढं जातं. पाण्यात माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, आणि दोन मीटरच्या लाटा असल्या तर अर्ध्या मिनिटात तेही दिसेनासं होतं.

“हेलिकॉप्टर वर आहे,” अधिकारी म्हणाला. “आणखी दोन जहाजं निघालीत. आम्ही शोधतोय. घरच्यांना धीर द्या.”

मुबशिरा त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. स्पीडचं तेवढं सांगितलं नाही. मग दोघांनी जागा बदलल्या आणि तो तिला घेऊन उचगाव, गडमुडशिंगी करत हुपरीला निघाला. वाटेत तिनं एकदाच विचारलं, “सर, जॅकेट होतं न्हवं अंगात?”

“होतं.”

“मग तरंगत असतील.”

“व्हय. तरंगत असंल,” तो म्हणाला.

तोहिदचा बाप दिलदार घरीच पैंजणं करायचा. पुढच्या खोलीत त्याचं काम मांडलेलं असे. कृष्णातची गाडी दारात थांबली तेव्हा तो साखळीच्या कड्या जोडत बसला होता. सुनेचा चेहरा बघून तो उठला. शहाजादी, तोहिदची आई, आतून ओले हात पुसत आली. सांगायचं काम कृष्णातवरच आलं. दारात उभं राहूनच त्यानं सांगितलं, कारण आत बसून सांगायला त्याच्यानं जमलं नसतं.

शहाजादी भिंतीला टेकून खाली बसली. दिलदार मात्र रडला नाही. त्यानं सरळ विचारलं, “पडला तवा कुणी बघितलं?”

“बघितलं. लगेच ओरडलं. तरंगतं रिंगण टाकलं, धूर सोडणारं. जहाज मागं वळवलं.”

“थांबवलं न्हाय?”

“थांबत न्हाय ते दिलदारभाई. त्याला ब्रेक नसतोय. पाण्यातले पंखे उलटे फिरवले तरी अर्धा किलोमीटर पुढं जाऊनच थांबतंय. आनि फिरत्या पंख्यांजवळ माणूस पाण्यात असला तर...”

“मग वळवलं कसं? दावा मला.”

“आता कशाला...”

“दावा म्हणतोय की!”

दिलदारनं चांदीच्या तारेचं एक वेटोळं त्याच्यापुढं ठेवलं. कृष्णात फरशीवर मांडी घालून बसला. त्यानं तार सरळ केली. “हे जहाज असं सरळ चाललंय. माणूस उजव्या बाजूला पडला. तर आधी सुकाणू उजवीकडंच फिरवायचं, पूर्ण. म्हंजे पुढचं टोक उजवीकडं जातं आनि शेपूट डावीकडं सरतं. पंखे शेपटीत असतात. ते माणसापासनं लांब गेले पायजेत, म्हणून.” त्यानं तार थोडी वाकवली. “माणूस नजरंला असला तर तसंच गोल फिरून यायचं. पण लाटंआड गेला, दिसंना झाला, तर उजवीकडं एवढं गेल्यावर सुकाणू पूर्ण डावीकडं टाकायचं. मग मोठा फेरा मारून जहाज बरोबर आपल्याच मागच्या वाटंवर येतं, उलट्या तोंडानं. आलतो त्याच रेघंवर.”

फरशीवर तारेचा आकार एखाद्या वाकड्या आकड्यासारखा दिसत होता.

“किती टाइम लागतो ह्याला?”

“त्या स्पीडला, परत जागंवर पोचायला, सात मिनिटं.”

“सात मिनिटं?” दिलदारचा आवाज चढला. “आमचं पोरगं विहिरीत तास तास पवत होतं! सात मिनिटं काय राहिलं नसंल व्हय पाण्यात?”

सरावाच्या वेळी हे वळण कृष्णातनं कितीतरी वेळा घेतलं होतं. जहाजावरच्या कामाच्या कपड्यात चिंध्या भरून केलेला पुतळा पाण्यात टाकायचा, घड्याळ लावायचं आणि वळायचं. ब्रिजवरचा अधिकारी हुकूम सोडायचा, तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि चाक फिरवायचा. जहाज बाहेरच्या बाजूला असं कलायचं की खाली मेसमधली ताटं घसरत जायची. आणि दरवेळी पुतळा सापडायचाच.

शहाजादी भिंतीपासून म्हणाली, “तोहिद म्हणायचा, चौगुले सर सांगत्यात, मानूस पडला तर सात मिनटांत उचलून घेत्यात. मी नग म्हणत व्हते तवा मला हेच सांगून गेला.”

ती दोष देत नव्हती. तिला नुसतं आठवलं होतं. पण कृष्णातचे कान तापले. हे त्यानंच सांगितलं होतं, गाडीत, क्लच कसा सोडायचा ते दाखवता दाखवता. अठरा वर्षांचा तोहिद डोळे मोठे करून ऐकायचा. एवढं मोठं धूड, तरी बोटावर वळतंय व्हय सर? वळतंय की. माणूस पडला तर? सात मिनिटांत उचलतो आम्ही. तो माणूस चिंध्यांचा होता, हे सांगायचं राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी तोहिदनं भरतीचा फॉर्म भरला.

नंतरचे चार दिवस कृष्णात रोज हुपरीला जात राहिला. क्लास बंद ठेवला. नौदलातल्या जुन्या सोबत्यांना त्यानं फोन लावले. कुणी बदलीवर होता, कुणी निवृत्त झालेला. सगळे हळहळले, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, शोधायला काही कमी ठेवणार नाहीत. ते खरं होतं. विमान आलं होतं, चार जहाजं पट्टे आखून समुद्र विंचरत होती. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं कृष्णातला एक गोष्ट सांगितली. जहाज वळून परत आलं तेव्हा ते तरंगतं रिंगण पन्नास मीटरवर सापडलं होतं. त्याचा धूरही अजून निघत होता. म्हणजे वळण अगदी बरोबर बसलं होतं. फक्त जवळ कुणी नव्हतं. पडताना डोक्याला लागलं असेल, जॅकेट फाटलं असेल, कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट घरी सांगायची की नाही, यावर कृष्णातनं गाडीत बसून बराच विचार केला. शेवटी सांगितलीच. दिलदारनं ऐकून घेतलं आणि कामाच्या पाटापुढं जाऊन बसला. हातात पक्कड घेतली, पण काम काही केलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शोध थांबवल्याचा फोन आला. दिलदारनं कृष्णातचा दंड धरला.

“तुम्ही त्यांच्यातलं हायसा. सांगा त्यास्नी, अजून एक दीस म्हणावं. एकच.”

कृष्णातनं फोन लावला. आयुष्यात त्यानं हुकूम फक्त घेतले होते, कुणाला दिले नव्हते. त्यानं विनंती केली. पलीकडचा अधिकारी खूप सभ्यपणे, खूप वेळ बोलला. पाण्याचं तापमान, वारा, प्रवाह, शोधलेलं क्षेत्र. कृष्णात मधेमधे “हो साहेब” म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा तिघंही त्याच्याकडं बघत होती. त्यानं नकाराची मान हलवली.

कागदावर ‘समुद्रात बेपत्ता’ असं आलं. नवरा गेल्यावरची चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळायची की वाट बघायची, हे मुबशिराला कुणी ठामपणे सांगेना. मौलाना म्हणाले, नौदलाचं पक्कं पत्र येऊ दे. नौदलाचे लोक म्हणाले, चौकशी पूर्ण होऊ दे. बांगड्या हातात ठेवाव्यात की काढाव्यात, याचाही निर्णय तिला घेता येत नव्हता. बाहेर निघाली तर बायका बघायच्या, घरात बसली तर सासू बघायची.

दीड महिन्यानं कृष्णातला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आदर्श नावाचा पोरगा होता, गगनबावड्याकडचा. तोहिदचा सोबती. तोहिदची काही कपडे-पुस्तकं जहाजावर राहिली होती ती घेऊन सुट्टीवर आला होता. एकट्यानं हुपरीला जायला धीर होत नव्हता. “सर, तोहिद तुमचं लई सांगायचा. तुम्ही येशीला काय बरोबर?”

कृष्णात त्याला स्टँडवरून घेऊन गेला. तेवीस-चोवीसचा, सडपातळ. बोलता बोलता सारखा हात पँटला पुसायचा. उचगाव ओलांडल्यावर तो म्हणाला, “सर, त्या वेळंला सुकाणूवर मी होतो.”

कृष्णातनं गाडीचा वेग कमी केला. “घरात सांगू नकोस,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “तुला वाटंल तसं कर.”

आदर्शनं सांगितलंच. बॅग ठेवली, पाणी प्याला आणि दिलदारच्या पायापाशी बसून सांगून टाकलं. कृष्णात मधे पडायला पुढं सरकला. दिलदारनं त्याला हातानंच थांबवलं.

“तूच फिरवलंस?”

“व्हय चाचा. हुकूम आला तसं.”

“आधी उजवीकडं?”

“व्हय. त्याला पंखा लागू नये म्हणून.”

“म्हंजे जहाजाची शेपटी त्याच्यापासनं लांब गेली.”

“व्हय.”

“मग डावीकडं. मोठा फेरा.”

“व्हय चाचा.”

दिलदारनं फरशीवर बोटानं तसा फेरा काढला. मग हळू आवाजात म्हणाला, “तर मग त्यानं बघितलं आसंल. जहाज लांब जाताना.”

आदर्शनं कृष्णातकडं बघितलं. बारा वर्षं चाक धरलेल्या कृष्णातलाही हे कधी सुचलं नव्हतं. त्यानं ते वळण नेहमी ब्रिजवरूनच बघितलं होतं. पाण्यातून ते कसं दिसत असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आपण परत येतोय हे जहाजावरच्यांना माहीत असतं. पाण्यातल्याला मात्र आधी काही वेळ पाठच दिसते.

“त्याला म्हाईत होतं चाचा,” आदर्श कसंबसं म्हणाला. “आम्ही फिरून येणार, ते त्याला म्हाईत होतं. सराव करतोय की आम्ही सगळी.”

“व्हय,” दिलदार म्हणाला. “म्हाईत आसंल.”

मुबशिरा उठून आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला. शहाजादीनं भाकरी आणि मटणाचा रस्सा आणून आदर्शपुढं ठेवला. त्याचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. “खा की बाळा,” ती म्हणाली. त्यानं एक घास घेतला, तो गिळला नाही, आणि रडत बाहेर ओट्यावर गेला.

परत येताना स्टँडच्या अलीकडं आदर्शनं विचारलं, “सर, माझ्या जागी तुम्ही असतासा तर काय येगळं केलं असतं?”

“न्हाय,” कृष्णात म्हणाला. “हेच केलं असतं.”

हे ऐकून आदर्शला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. गगनबावड्याची गाडी लागलेली होती. सोमवारी त्याला परत हजर व्हायचं होतं, त्याच जहाजावर, त्याच चाकावर. तो खिडकीत जाऊन बसला आणि गाडी सुटेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

आठवडाभरानं दिलदारचा फोन आला. कामाची ठोकठोक मागं ऐकू येत होती. म्हणजे त्यानं पुन्हा पैंजणं करायला घेतली होती.

“चौगुले, ते पोरगं त्या दिवशी उपाशीच गेलं बगा. हिच्या जिवाला लागून राहिलंय. पुन्हा सुट्टीवर आलं तर जेवून जा म्हणावं. कळवा त्याला.”

“कळवतो,” कृष्णात म्हणाला.

त्यानं लगेच आदर्शचा नंबर लावला. फोन बंद होता. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. जहाज समुद्रात गेलं होतं.