नकटीचं पुढे काय झालं

लेखकाने डाव्या हाताने टेबलावरचे कागद ढकलले. चहाचा कप कलंडला, कागद जमिनीवर पसरले.

"नाही," तो म्हणाला.

तरुण संपादक वाकून आपण आणलेली पानं गोळा करू लागला. लेखकाची बायको ती मोठ्याने वाचून दाखवत होती. एक देखणा पायलट हेलिकॉप्टरमधून दोर सोडतो आणि धरणाच्या पोटात अडकलेल्या नकटीला, लेखकाच्या चित्रकथेतल्या नायिकेला, वर ओढून घेतो, इथवर ती आली होती.

"सर, मागचा अंक तुम्ही ऐन मोक्यावर तोडलात. खोलीत पाणी चढतंय, तिची हत्यारं वाहून गेलीत, हातात एक पाना उरलाय. वाचक खोळंबलेत. कुणीतरी पुढचं लिहायलाच हवं ना?"

"नाही."

अर्धांगाचा झटका आला तेव्हा लेखकाचा उजवा हात गेला आणि भाषाही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. पण ओठांवर यायचा तो एवढाच शब्द. डाव्या हाताने लिहू जावं तर अक्षरं सापडत नसत. "जन्मभर ज्या शब्दाचं खाल्लं, तोच मागे राहिला," असं बायको म्हणे.

ते खोटं नव्हतं. पहिल्या प्रकाशकाने त्याची चित्रकथा चाळून नाक मुरडलं होतं. नायिकेचं नाक बसकं, हातात पाना, चालली पंप दुरुस्त करायला! "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ठाऊक आहे ना?"

"तिचं लग्नच करायचं नाहीये. मग विघ्नं कसली?" असं म्हणून तो बाड काखोटीला मारून बाहेर पडला होता. पुढे ज्यांनी छापली त्यांनीही सोडलं नाही. नाक जरा सरळ करा, सोबतीला एखादा दांडगा भाऊ द्या, थोडं प्रेम घाला. त्याने कुणालाच दाद दिली नाही. नकटी पूल, पंप, पाळणे दुरुस्त करत हिंडत राहिली, आणि तिला वाचत वाढलेल्या मुली आता आपल्या मुलींना ती वाचायला देत होत्या.

खिडकीपाशी चित्रकार बसला होता. नकटी पहिल्यापासून त्याच्याच हातची. लेखक त्याला रेघोट्या म्हणायचा, म्हणता येत होतं तोवर.

"ते राहू द्या," रेघोट्या संपादकाला म्हणाला. "आम्ही दोघं करतो."

"पण सांगणार कोण?"

"तोच. मी विचारीन."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. रेघोट्या पेन्सिलीने एकेक वाट काढून दाखवायचा.

"वरून झरोका?"

"नाही."

"भिंतीला भगदाड?"

"नाही!" हा असा, की बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

"वहिनी, याची भाषा गेली पण तोरा गेला नाही हो."

होकार म्हणजे गप्प बसणं, एवढं रेघोट्याला कळलं होतं. पण तो काही गप्प बसेना. एका दुपारी रेघोट्याने पेन्सिल आपटली.

"अरे, मग ती बाहेर पडायला बघतच नाही की काय?"

लेखक गप्प.

रेघोट्याने मान वर केली. लेखकाची नजर त्याच्यावर रोखलेली होती.

"बघतच नाही," रेघोट्या हळू म्हणाला. "ती आलीच होती धरणाचा अडकलेला दरवाजा दुरुस्त करायला. तर तो करते. तिथेच, पाण्यात उभी राहून."

लेखकाने डोळे मिटले. मग डाव्या हाताने पेन्सिल उचलून मित्रापुढे धरली.

चित्रं झाली. नकटीच्या तोंडचे शब्द मात्र एकही पसंत पडेना. रेघोट्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य "नाही"वर अडलं आणि खोडलं गेलं. शेवटी बोलण्याचे फुगेच पुसले.

संपादक आला, पानं उलटू लागला. "एक अक्षर नाही? लोक वाचणार काय?"

"मी वाचलं," बायको म्हणाली. "श्वास रोखून."

शेवटच्या पानावर तो थांबला. पाणी हनुवटीला टेकलेलं, नकटी अंगाचा सगळा भार पान्यावर टाकून उभी. दरवाजाखाली बोटभर फट, आणि तिच्यातून आत आलेला उजेड.

मग पानं नीट जुळवून संपादक म्हणाला, "नावाचं कसं करू? सरांनी लिहिलेलं तर यात काहीच नाही. 'मूळ कल्पना' असं टाकू?"

"कथा म्हणून त्याचंच नाव," रेघोट्या म्हणाला. "तिची भुवईसुद्धा मला मनाने काढू दिली नाही त्याने."

लेखकाचं लक्षच नव्हतं. त्याने एक कोरा कागद ओढून घेतला होता आणि डाव्या हाताने त्यावर चौकट आखत होता. रेघ वाकडी गेली. त्याने तिच्याशेजारी दुसरी चौकट आखली आणि कागद रेघोट्याकडे सरकवला.

"पुढची नकटी का, सर?" संपादकाने विचारलं.

"नाही."

रेघोट्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. "मग कोण? बाई? बाप्या? मूल?"

"बसा तुम्हीही," बायको संपादकाला म्हणाली. "याला वेळ लागतो."