उस्तादांची जीभ

मित्रांनो, अलेप्पो शहरातल्या साबणाच्या कारखान्यात जमिनीत बसवलेली मी एक जुनी तांब्याची काहील आहे. दर हिवाळ्यात माझ्यात ऑलिव्हचे तेल आणि क्षाराचे पाणी तीन दिवस शिजत.

उस्ताद रुश्दी माझे मालक. शेवटी लॉरेल या सुगंधी झाडाच्या फळांचे तेल घालायची वेळ आली की ते सगळ्यांना बाहेर काढत आणि कडी लावत. मग पळीवरचा साबण फुंकून जिभेवर ठेवत. क्षाराचा चटका किती उरला यावरून आग कधी विझवायची, ते ती जीभ सांगे.

जुना कामगार अदनान एकदा म्हणाला, "उस्ताद, वीस वर्षं झाली. अजून मी बाहेरच?"

"पाय दुखत असतील तर बस की!"

अदनानने लॉरेल तेलाचे रिकामे डबे मोजून प्रमाण ताडले आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला. तिथला साबण चिकटच राहिला. उस्ताद हसले. "डबे मोजलेस, लेका. जीभ कुठून नेशील?"

त्यांची मुलगी लमीस म्हणाली, "बाबा, मला तरी शिकवा."

"तू सासरी जाशील. गुपितही जाईल तुझ्याबरोबर."

लमीस सासरी गेलीच नाही.

पुढच्या हिवाळ्यात उस्तादांचे अर्धे अंग लुळे पडले. लमीसने त्यांना खुर्चीवर बसवून माझ्या काठाशी आणले. आत साबण खदखदत होता. तिने पळी त्यांच्या ओठांशी नेली.

"काहीच चव लागत नाही गं," ते म्हणाले.

मग तिने स्वतः चाखले. "चटका बसतोय, बाबा."

"कसा चटका?"

"म्हणजे... मिरचीसारखा."

"मिरचीसारखा नसतो तो."

"मग कसा?"

चाळीस वर्षांत उस्तादांनी तो चटका कधी शब्दांत मांडलाच नव्हता. शेवटी ते म्हणाले, "आग विझव."

साबण नऊ महिने सुकला. उस्तादांनी चांगल्या हाताने एक वडी दाबली, तर तिचा भुगा झाला. लमीसने तो झाडून घेतला. कोणी रडले नाही.

उस्ताद गेले. लमीसने आणखी दोन हिवाळे मला तापवले. दोन्ही वेळा भुगाच निघाला. नंतर चूल पेटली नाही. मला काय वाटले, विचाराल? काही नाही. तांबे तापते आणि निवते.

मित्रांनो, गुपित चोरांपासून जरूर जपा, आपल्या माणसांपासून नको. तुमच्या घरात कोणाच्या हातात एखादी कला असेल, तर आजच त्यांच्याशेजारी जाऊन बसा. ते "नंतर" म्हणाले, तरी उठू नका.