तिसऱ्या प्रकरणातला विदूषक

"तुम्ही उंबरठ्यावरचे राक्षस आहात," बाबा म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसानं बाबांचा उजवा पाय दुमडला, सरळ केला.

"नाही हो सर. आता डावा."

"नायकाची ताकद जोखल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही, हे तुमचं काम. तुम्ही नसता तर कादंबरी विसाव्या पानावरच आटोपली असती."

राक्षसानं बाबांच्या पायांत मोजे चढवले, पांघरूण नीट केलं आणि तो पुढच्या घरचे गुडघे वाकवायला निघून गेला.

बाबांनी जन्मभर कॉलेजात आदिबंध शिकवले होते. कुठलीही कादंबरी उघडा, ते म्हणायचे, माणसं तीच. एक वाट दाखवणारा, एक वाट अडवणारा, एक निरोप आणणारा. बदलतात ती फक्त नावं आणि कपडे. मग आजार आला आणि त्यानं बाबांच्या डोक्यातून नेमकी नावं आणि कपडेच नेले. आई गेल्याची आठवण नेली, मोठी मुलगी ताई नेली, धाकटा मुलगा नेला. सिद्धांताला मात्र ओरखडासुद्धा नाही. आता ते कुणीच न लिहिलेल्या एका कादंबरीत राहत होते आणि घरात येईल त्याला तपासून जागेवर बसवत होते. कुरियरवाला दूत होता. गोळ्या देणारी ताई म्हणजे विषाचा पेला घेऊन येणारी राणी. धाकट्याला त्यांनी एकदा विचारलं होतं, "आपण कोण?" त्यावर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला होता, "मी इथला रिमोट शोधतो." तेव्हापासून तो विदूषक. तिसऱ्या प्रकरणात येणारा.

"शुक्रवारी वृद्धाश्रमाची गाडी येतेय," स्वयंपाकघरात ताई कप पुसत म्हणाली. "तिथे चोवीस तास माणसं असतात."

"इथेही असतात. मी असतो."

"तू असतोस हे त्यांना माहितीये?"

यावर एखादा विनोद असायला हवा होता. धाकट्यानं फ्रिज उघडून आत पाहिलं. तिथेही नव्हता.

"मला काय हौस आलीये का रे?" कप कधीच कोरडा झाला होता, तरी ताई पुसतच होती. "एकदा, एकदाच त्यांनी तुला ओळखू दे. त्याच मिनिटाला गाडी रद्द करते."

तो बाबांच्या खोलीत गेला.

"या, विदूषक! आज काय उलथापालथ?"

"सर, एक शंका आहे." त्यानं स्टूल ओढलं. "या कादंबरीत मुलगा नाही का हो?"

"मुलगा?" बाबा खुर्चीत ताठ झाले. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज परत आला. "इतकं वाचून हे विचारता? मुलगा म्हणजेच नायक!"

"पण दिसत नाही कुठे. मी सगळी पानं चाळली."

"दिसेल कसा? तो परतलेला नाही अजून."

बाबांनी मांडीवरच्या पांघरुणावर चमचा ठेवला. "ही राणी. त्याच्यासाठी जागते." चष्म्याचं घर ठेवलं. "राक्षस. त्याच्यासाठी दार अडवतो." मग औषधाच्या बाटलीचं झाकण. "हे तुम्ही. त्याची जागा थंड पडू देत नाही." तिन्हींच्या मधोमध तळहाताएवढं पांघरूण मोकळं राहिलं होतं. त्यावर त्यांनी बोट टेकवलं. "जो पानावर नाही, त्याच्याभोवती सगळं रचलेलं असतं. वाचता आलं पाहिजे."

धाकटा त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. इतके महिने सगळं घर हिच्याभोवती उभं होतं आणि तो चहाचा ट्रे घेऊन रोज हिच्यावरून ये-जा करत होता.

"आणि ज्याच्या घरी तो परतणार," त्यानं हळूच विचारलं, "तो म्हातारा?"

"तो काय करणार बिचारा? दाराकडे कान लावून बसतो."

धाकटा उठला. ताईसमोरून गेला, बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं. जिन्यात शेजाऱ्यांची सायकल होती आणि कुंडीत एक वाळकं रोप. त्यानं बोटांनी केस सारखे केले. खाली पाहिलं तर एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात ताईची. चालायचंच. त्यानं बेल दाबली.

"अरे, किल्ली..." आतून ताईचा आवाज आला आणि मध्येच थांबला.

खुर्ची सरकली. दोघांनी धरल्याशिवाय बाबा उठत नसत. आता पावलं फरशीवर घासत येत होती. उजवा, मग डावा. हात भिंत चाचपत होता. लॅच खडखडलं, अडकलं, सुटलं.

दारात बाबा उभे होते, धापा टाकत. मागे ताई, दोन्ही हात पुढे करून, पण न शिवता. बाबांनी त्याला केसांपासून बेजोड चपलांपर्यंत न्याहाळलं.

"किती वाळलास रे," ते म्हणाले.

ताई भिंतीला टेकली आणि हातातच असलेला फोन शोधू लागली.

बाबांनी मान वळवून खोलीत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग त्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

"आत एक विदूषक असतो. बडबड्या आहे. पण त्याला घालवू नकोस हं. तू नव्हतास तेव्हा तोच होता."